नोटीस लागल्यापासून कौलं चढेपर्यंत: शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याचे सोळा महिने

११ जून २०२४, मंगळवार. दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. "अगं, दिंडीदरवाजावर कागद चिकटवून गेलेत. 'धोकादायक' लिहिलंय मोठ्या अक्षरात. आता गं काय करायचं?" आई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची. १९६४ साली लग्न होऊन ती या वाड्यात आली आणि त्यानंतर बाळंतपणं सोडली तर एक रात्रही बाहेर राहिलेली नव्हती.

आमचा वाडा शनिवार पेठेत, शनिवारवाड्याच्या पश्चिमेला. एकच चौक, खाली सोपा, माजघर, देवघर, वर माडी आणि माळा. दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया, भिंती पांढऱ्या मातीच्या. पणजोबांनी प्लेगच्या आधी घेतला, एवढंच घरात सांगतात. खालच्या मजल्यावर दोन भाडेकरू, एक १९५२ पासून, दुसरे १९६३ पासून. शेजारचा वाडा काही वर्षांपूर्वी पावसात बसला. तिथे आता पत्रा ठोकून गाड्या लावतात, आणि त्या वाड्याच्या कोनाड्यांचे चौकोन आमच्या सामाईक भिंतीवर अजून दिसतात. एकात हळदीकुंकवाचे डागसुद्धा आहेत. त्या संध्याकाळी नोटीस हातात घेऊन मी त्या भिंतीकडेच बघत उभी होते.

ज्यांच्या दारावर आज असा कागद आहे त्यांनी आधी तो पूर्ण वाचावा. आम्ही पहिले चार दिवस नुसते घाबरण्यात घालवले. नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली होती. म्हणणं एवढंच होतं की इमारतीचा धोकादायक भाग दुरुस्त करा किंवा उतरवा, आणि स्ट्रक्चरल ऑडिट करून अहवाल द्या. पाडायचा हुकूम त्यात नव्हता. ऑडिटनंतर इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यातही रिकामी करून करायची की माणसं राहत असताना, असे दोन प्रकार. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सगळं पुढचं या एका अक्षरावर आणि आकड्यावर ठरतं.

त्याच आठवड्यात माजघराच्या वाकलेल्या तुळईखाली लोखंडी टेकू लावून घेतले. २२,००० रुपये. हा खर्च थांबवू नका. कागद होत राहतील, पाऊस थांबत नाही.

पहिले जे अभियंते आले, ते चौकात उभे राहिले, मोबाईलवर आठ-दहा फोटो काढले आणि पंधरा मिनिटांत म्हणाले, "सी-वन देऊन टाकतो. पाडा आणि मोकळे व्हा." माडीवर ते चढलेच नाहीत. मी फी दिली, अहवाल घेतला नाही. मैत्रिणीच्या ओळखीतून एक संवर्धन वास्तुविशारद ताई मिळाल्या. त्या आणि त्यांच्याबरोबरचे महापालिकेच्या यादीवरचे स्ट्रक्चरल इंजिनियर असे दोघं ६ जुलैला सकाळी आठला आले ते दुपारी तीनला गेले. ताईंनी माजघरातल्या तुळईला मधोमध हातोडीच्या दांड्याने ठोकलं. टणत्कार आला. मग शिडी भिंतीला लावून तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा त्याला चिकटला होता. "मधे ठणठणीत, टोकं कुजलेली. वाळवी नंतर आली, आधी पाणी आलंय," त्या म्हणाल्या. "हे पाणी कुठून येतंय ते शोधू."

कारण आमच्याच हातचं निघालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या गल्लीत पाणी भरलं होतं. आजोबांनी नंतर खालच्या भिंती मजबूत करायच्या म्हणून छातीएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं. ओल बाहेर पडेना, ती वर वर चढत तुळयांच्या टोकांपर्यंत गेली. वरून माळ्याची पन्हळ फुटलेली, त्याचं पाणी त्याच भिंतीत. आजोबांनी मायेनेच केलं होतं, त्या काळी सगळेच करत होते. पण तुमच्या वाड्यात कुणी आज सिमेंट मारायला निघालं असेल तर कृपा करून थांबवा.

ऑडिटचे ४०,००० झाले. निष्कर्ष: सी-२, खालचा मजला रिकामा करून दुरुस्ती. तो कागद हातात आल्यावर मी रस्त्यातच रडले.

२५ जुलैला पुण्यात तो पाऊस झाला. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरात पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या पहाटे आमची परसदाराची मातीची भिंत सहा-सात फूट ढासळली. कुणाला लागलं नाही. आईला मी त्याच दिवशी कोथरूडला आणलं. तिने फक्त देव आणि पितळी डबा बरोबर घेतला.

त्या आधीच एका विकसकाची माणसं दोनदा येऊन गेली होती. "पाडून ठेवा, मग स्कीम बघू." माझ्या चुलतभावांना ते पटायला लागलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही. तेव्हा ताईंनी विचारलं, "शनिवारवाड्याच्या हद्दीपासून तुम्ही किती अंतरावर आहात?" आम्ही कधी मोजलंच नव्हतं. मोजलं तर साधारण सत्तर मीटर.

शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. अंतर मोजायचं ते हद्दीपासून, बुरुजापासून नव्हे. प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे आमचा वाडा आम्ही पाडला असता तर त्या जागी पुन्हा काही उभं करता आलं नसतं. दुरुस्तीला मात्र परवानगी मिळू शकते, इमारत १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी असल्याचं सिद्ध केलं तर. भावांना मी हे पानावर लिहून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. आत्या तेवढी म्हणाली, "बरं झालं मोजलंत."

१८२८ मध्ये शनिवारवाडा आतून जळून गेला, जोती आणि तट राहिले, आणि त्या जोत्यांना कायद्याचं कवच आहे. ते असायलाच हवं. पण त्याच्या सावलीत जे शे-दीडशे वर्षांचे राहते वाडे आहेत, त्यांच्या मालकांना हा कायदा नीट समजावून सांगणारं कुणी नाही. बरेच जण "इथे काहीच करता येत नाही" एवढंच ऐकून हात टेकतात आणि वाडा पावसावर सोडून देतात. दुरुस्तीची वाट आहे. लांब आहे, पण आहे.

आता कागद. यात ऑगस्ट ते डिसेंबर गेले.

मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव होतं, आणि आजोबा १९७४ साली गेले. वारस अकरा. नगर भूमापनला वारसनोंदीचा अर्ज दिला तेव्हा तिथल्या बाईंनी यादी हातात ठेवली: प्रत्येक मयताचा मृत्यू दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे ओळखपुरावे. आजी गावी वारली होती, तिचा दाखला सातारा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीतून जुन्या वहीत शोधून काढावा लागला. दोन खेपा, एक मुक्काम. मग हरकतींसाठी नोटिशीची मुदत. अर्ज १९ ऑगस्टला दिला, नोंद २१ नोव्हेंबरला झाली. या वेळातला निम्मा आमच्या अपुऱ्या कागदांनी खाल्ला. मधे ऑक्टोबरपासून १०० रुपयांच्या स्टॅम्पऐवजी किमान ५०० चा लागायला लागला, तर तयार करून ठेवलेली तीन संमतीपत्रं पुन्हा करावी लागली.

एक चुलतबहीण अमेरिकेत. तिचं कुलमुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन कुरियरने आलं. ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून मुद्रांकित करून घ्यायचं असतं. मला हे आमच्या वकिलांनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं. पाकिटावरची तारीख जपून ठेवा, तोच पुरावा.

मिळकतकराचं वेगळंच. दोन घराण्यांमध्ये "तू भर, मी भरतो" करता करता सहा वर्षं राहून गेली होती. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. एकूण १,३४,००० भरले. नाही भरले तर थकबाकी नसल्याचा दाखला नाही, आणि तो नाही तर पुढचं काहीच नाही.

भाडेकरूंशी बोलणं मला सगळ्यात अवघड गेलं. सोप्यातल्या काकू माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे राहतात. भाडं महिना ४२ रुपये. त्यांनी मला लहानपणी वेणी घालून दिली आहे. पण नोटीस लागल्यापासून त्या माझ्याशी तुटक बोलायला लागल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "एकदा उंबऱ्याबाहेर गेले की परत येत नाही कुणी, बाळ. समोरच्या वाड्यातले गेले ते गेलेच." त्यांची भीती खरी होती. समोरच्या वाड्याचं मी पाहिलंच होतं.

मग आम्ही तोंडी शब्द देणं बंद केलं. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये दुरुस्तीसाठी जागा सोडणाऱ्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क आहे. वकिलांकडून त्या आधारावर करार करून नोंदवला. इंजिनियरनी दोन्ही बिऱ्हाडांच्या खोल्या त्यांच्यासमोर फितीने मोजल्या, नकाशावर दोघांच्या सह्या घेतल्या. तेवढंच क्षेत्र, तीच जागा, भाडेकरूपण चालू, बाहेर राहायच्या काळातलं भाडं आम्ही देणार. काकूंच्या मुलाने करार दोन दिवस घरी नेऊन वाचला. १ डिसेंबरला सही झाली. दुसरं बिऱ्हाड त्यांच्या मागोमाग तयार झालं. आपल्याला वाटतं माणसं अडून बसतात. ती बहुतेक वेळा कागदाची वाट बघत असतात.

स्मारकाच्या क्षेत्रातल्या दुरुस्तीच्या ना-हरकतीचा अर्ज ऑनलाइन होतो. तो राज्यातल्या सक्षम अधिकाऱ्यामार्फत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. कायद्यात मुदती आहेत: अधिकाऱ्याने १५ दिवसांत पुढे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, मग अधिकाऱ्याने महिन्याभरात निर्णय द्यायचा. आम्ही ९ डिसेंबरला अर्ज भरला. सोबत मालमत्ता पत्रक, अंतर दाखवणारा नकाशा, आत्ताचे आणि दुरुस्तीनंतरचे आराखडे, चारी बाजूंचे फोटो. १९९२ च्या आधीचा पुरावा म्हणून १९७० च्या दशकातल्या घरपट्टीच्या पावत्या लावल्या. त्या आईच्या त्या पितळी डब्यात होत्या. ३ जानेवारीला एक शंका आली, की आढ्यासकट उंची किती ते आराखड्यावर नाही. त्याच संध्याकाळी ताईंनी दुरुस्त करून पाठवलं. तुम्ही भरताना उंची जमिनीपासून आढ्यापर्यंत लिहा, पाण्याची टाकी असेल तर तीही धरून. ११ मार्च २०२५ ला ना-हरकत मिळाली. त्यात स्पष्ट होतं: उंची, क्षेत्रफळ, बाहेरचं रूप काहीही वाढवायचं नाही. आम्हाला वाढवायचं नव्हतंच. त्याआधारे महापालिकेची दुरुस्ती परवानगी १७ एप्रिलला हातात आली.

या तीन-चार महिन्यांच्या वाट बघण्यात मी विश्रामबागवाडा दोन वेळा जाऊन नीट पाहिला. १८०७ सालचा तो वाडा, लहानपणी पोस्टात जायला म्हणून कितीदा गेले होते. आता मात्र मी खांबांच्या बुडाशी वाकून, लाकूड दगडाला कसं टेकलंय, नवा तुकडा जुन्याला कुठे जोडलाय, ते बघत होते. अशा कामाला निघणाऱ्याने एकदा तरी जाऊन पाहावा. मिस्त्रींशी बोलायला शब्द मिळतात.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला काम सुरू झालं, आणि माझ्याकडून मोठी चूक झाली. ताईंचं म्हणणं होतं की छप्पर उघडण्याआधी वर पाइप आणि पत्र्यांची तात्पुरती शेड उभारू. १,४०,००० रुपये वाचवायला मी म्हटलं, जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी पाऊस येत नाही, तोवर कौलं परत चढतील. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस लागला. २६ मे ला मान्सून पुण्यात दाखल झाला. कौलं खाली, वासे उघडे, वर नुसती ताडपत्री. दोन रात्री मी, माझा नवरा, मिस्त्रीकाका आणि त्यांची दोन पोरं बांबूने ताडपत्रीवरचं पाणी ढकलत होतो. उत्तरेच्या भिंतीचा माथा भिजून हातभर उतरला. शेड शेवटी उभारलीच, भर पावसात, १,७५,००० ला. वर भिंतीचे ५०,००० वेगळे. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेड झाल्यावर काम मार्गी लागलं. सिमेंटचा गिलावा फोडला तेव्हा आतली माती ओली निघाली, हाताला गार लागेल इतकी. आम्ही ती भिंत महिनाभर उघडीच ठेवली. रोज सकाळी मिस्त्रीकाका तिला तळहात लावून बघत आणि मान हलवत. चुना आवारात खड्ड्यात विरवून तीन आठवडे भिजत ठेवला होता. मग वाळू, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. चुन्याला घाई चालत नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो. खांबांवरचा ऑइल पेंट खरवडला तर सात रंगांचे थर निघाले, तळाशी एक कॉफीसारखा. त्याच्या खाली लाकडावर एक आडवी काळपट रेघ. आईला दाखवली. ती म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, इथवर आलं होतं पाणी."

सहा तुळयांची टोकं गेली होती. अख्खी तुळई बदलायची नाही, कुजलेलं तेवढं कापून नवं टोक कूस घालून जोडायचं आणि आतून पोलादी पट्टी द्यायची, असं ठरलं. पण माजघराची एक तुळई पार गेली होती, तिला जुनाच साग हवा. तो भवानी पेठेकडच्या एका वखारीत मिळाला. कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याचा माल, दारं, खांब, कडीपाटाच्या फळ्या, उभ्या आडव्या रचून ठेवलेल्या. आमच्या मापाची तुळई निघाली, ५८,००० ला. तिच्या मधोमध लोखंडी कडी होती, पाळण्याची. आतली बाजू वापरून वापरून चकचकीत झालेली. मिस्त्रीकाकांनी विचारलं, "काढू का ही?" मी नको म्हटलं. ती आहे तशी आमच्या माजघरात आली आहे. कुणाच्या घरातली असेल, कुणाकुणाला त्या कडीखाली झोप लागली असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. ते लाकूड निरोगी होतं. तो वाडा नक्कीच वाचवता आला असता.

तुळई बसवल्यावर काका तिच्या टोकाशी, भिंतीत हवेसाठी ठेवलेली फट दाखवत म्हणाले, "ताई, ही फट कुणाला बुजवू देऊ नका. हिचे पाय कोरडे राहिले तर ही तुमच्या नातवंडांना पुरेल."

पैशांचं सांगते, कारण मला हे कुणी सांगत नव्हतं. सुरुवातीचा अंदाज २६ लाखांचा. प्रत्यक्षात ३४ लाख ६० हजार झाले, त्यात ताईंची आणि इंजिनियरची फी, भाडेकरूंचं बाहेरचं भाडं, मिळकतकर, वकील सगळं धरून. अकरा वारसांचं सामाईक आणि भाडेकरू असलेलं घर म्हटल्यावर दोन बँकांनी कर्ज नाकारलं. शेवटी मी कोथरूडच्या फ्लॅटवर १५ लाख काढले, आईची ठेव मोडली, आत्याने ४ लाख दिले, उरलेले भावांनी वर्गणीसारखे. कुणी किती दिले याचा कागद पहिल्या दिवसापासून केला, त्यामुळे नाती शाबूत राहिली. अंदाजाच्या वर तिसरा हिस्सा हाताशी ठेवूनच काम काढा.

कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला काकू परत आल्या. सामान लावायच्या आधी त्यांनी करारातला नकाशा काढून मुलाकडून खोली मोजून घेतली. बरोबर भरली. मग त्यांनी मला जवळ बोलावून माझ्या हातावर ४२ रुपये ठेवले, ऑक्टोबरचं भाडं. आई वसुबारसेला आली. उंबऱ्यावर थांबली, भिंतीला हात लावला, म्हणाली, "कोरडी आहे." आणि आत गेली.

स्ट्रक्चरल स्थैर्याचं प्रमाणपत्र ४ नोव्हेंबरला दाखल करून त्याची पोच घेतली. ती पोच, ना-हरकत आणि परवानगी या तिन्हींच्या प्रती आता पितळी डब्यात घरपट्टीच्या पावत्यांवर आहेत. दोनशे मंगलोरी कौलं जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवली आहेत. पन्हळ मे महिन्यात साफ करायची, हे कॅलेंडरवर लिहिलंय.

गेल्या रविवारी पलीकडच्या बोळातला एक मुलगा आला. आजोबांच्या वाड्याला नोटीस लागली आहे, फाइल बघायला मिळेल का म्हणून. मी त्याला चहा दिला, फाइल दिली, आणि मोजायची फीत घेऊन आम्ही दोघं शनिवारवाड्याच्या कुंपणापासून त्याच्या दिंडीपर्यंत चालत गेलो. एकशे बारा मीटर भरले.